चार नंबरची चादर

"लांबून! लांबून बोला, डॉक्टर!"

चादरींच्या गाडीवरचं झाकण उचलायला निघालेला हात डॉक्टरांनी मुकाट्याने मागे घेतला. धुतलेल्या चादरी वॉर्डात आणणाऱ्या या बाईंना सगळे लांबूनमावशी म्हणायचे, ते काही उगाच नाही. धुतलेली चादर छातीशी धरायची नाही, जमिनीला लागली तर पुन्हा धुवायची, मळके कपडे नेतात त्या दाराने आणायची नाही. एकदा मी गठ्ठ्यावर नुसतं पेन ठेवलं, तर इथली सिस्टर असूनही माझी बिनपाण्याने हजामत झाली!

त्या आठवड्यात त्यांचे यजमान आमच्याच चार नंबरच्या खाटेवर होते. पायाची जखम चिघळून विष अंगात भिनत होतं. काम संपलं की मावशी त्यांच्याजवळ बसायच्या; चादरी सोबत असल्या की मात्र दोन हात दूर.

"घरीसुद्धा हात धुतल्याशिवाय जवळ येत नाही ही," काका मला सांगायचे. "लग्नाच्या फोटोतही लांबच उभी आहे, बघा."

गुरुवारी ऑपरेशन होतं. त्यांना न्यायला माणसं आली, तेव्हा मावशी दोन्ही हातांवर गठ्ठा घेऊन कपाटाकडे निघाल्या होत्या. स्ट्रेचर शेजारी थांबलं. काकांनी मान उचलली आणि कपाळ गठ्ठ्यावर टेकवलं.

"अहो, धुतलेल्या आहेत," मावशी पुटपुटल्या.

"ठाऊक आहे गं. ऊब छान आहे."

आता ओरडतील, मला वाटलं. पण मावशींनी गठ्ठाच थोडा खाली धरला, त्यांना मान ताणावी लागू नये म्हणून.

स्ट्रेचर गेल्यावर त्या म्हणाल्या, "अकराच्या अकरा परत धुवायला नेते, सिस्टर."

"वरच्या दोन काढा की. कोण बघतंय?"

"मी बघितलं ना."

दुपारी त्याच चादरी धुऊन, इस्त्री करून त्या वर आल्या. ऑपरेशन थिएटरमधून फोन नुकताच येऊन गेला होता. खाट पुसून ठेवलेली होती. मावशींनी वरची चादर उचलली आणि तिकडे वळल्या.

"चार नंबरला नको, मावशी." मी पुढे झाले. "काका गेले हो."

डोळ्यांतलं पाणी हातातल्या चादरीवर पडू नये म्हणून मावशींनी मान वळवली आणि खांद्याला डोळे पुसले.

"कुणीतरी येईलच ना या खाटेवर," त्या म्हणाल्या. "एवढी घालते. मग मला त्यांच्याकडे न्या."

मी बेसिनपाशी जाऊन हात धुतले आणि चादरीचं दुसरं टोक धरलं.