चटणीला आलेलं पुण्याचं स्थळ

"सातारा–स्वारगेट विनाथांबा गाडी फलाटावर लागत आहे. प्रवाशांनी गाडीत बसून घ्यावे."

सातारा स्टँडच्या भोंग्यातला हा आवाज शालूबाईंनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यांच्या हातावरची हळद अजून उतरायची होती. नाकातून येणारा, दुपारच्या झोपेतून नुकता उठल्यासारखा आवाज. माहेर मेढ्याकडचं, सासर कडेगावचं, त्यामुळे गाडी बदलायची ती साताऱ्यालाच. भोंगा पुण्याला बोलवायचा आणि नवरा कराडच्या गाडीत बसवायचा. त्यात त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती, सासर त्याच वाटेवर होतं. पण टोचलेल्या कानात कडुलिंबाची काडी राहावी तसा तो 'विनाथांबा' शब्द त्या पोरीच्या कानात राहून गेला. दुखत नव्हता, पण मान वळवली की आहे हे कळायचं.

आता शालूबाई पन्नाशी ओलांडून पुढं गेल्या होत्या, नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि पुणं कानातून काही निघालं नव्हतं. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. सांगायची कुणाला? सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक होतं की शालूबाईंचा आपल्या गावावर फार जीव आहे. ते पाकिटावरच छापलं होतं.

पाकीट चटणीचं. शहरात जिला कांदा-लसूण मसाला म्हणतात आणि आपल्याकडे नुसती चटणी म्हणतात, ती. आधी शालूबाई भावकीतल्या फौजी पोरांच्या ट्रंकेत डबा भरून द्यायच्या. डबा जम्मूला गेला, सिलिगुडीला गेला, आणि सुट्टीवर येणारी पोरं आईच्या आधी शालूबाईंच्या दारात रिकामा डबा घेऊन उभी राहायला लागली. मग घरामागं पत्र्याची शेड झाली, शेडमध्ये कुटणीयंत्र, म्हणजे डंक, बसला, मिरची कुटायला बायका आल्या. थोरला मुलगा वीरधवल पुण्यातली नोकरी सोडून आला आणि त्यानं पाकीट काढलं. पुढून शालूबाईंचा फोटो, जात्यावर बसलेल्या. जातं शेजारच्या बनुबाईचं होतं, कपडे धुवायच्या दगडापाशी पालथं पडलेलं. चटणी काही जात्यावर होत नाही, पण फोटोवाल्याला जातंच पाहिजे होतं. मागच्या बाजूला वीरधवलनं स्वतः लिहिलं: 'शालूबाईंनी आपलं गाव कधी सोडलं नाही. या मातीची चव त्यांच्या हातात आहे.'

लिहिताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पाणी बघून शालूबाई गप्प बसल्या, आणि एकदा गप्प बसलं की पुढं तेच खरं धरलं जातं.

इकडे गेली दोन-तीन वर्षं पुण्याच्या अंगाला कंपन्यांना असं भरतं आलं होतं की विचारू नका. चाकणला एक उभी राहिली की तळेगावला तिची सवत. आज हिनं तिच्यात भागी घेतली, उद्या तिसरीनं दोघींना पोटात घातलं. शालूबाईंचे थोरले दीर नाथाजी, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, ह्या बातम्या लग्नपत्रिकेसारख्या मोठ्यानं वाचत. पलूसकडच्या एका बेदाणेवाल्याला असंच पुण्याचं गिऱ्हाईक आलं तेव्हा त्यांनी मान हलवून निकाल दिला होता की पोरगी सुखात पडली.

त्यामुळे पुण्याच्या 'ताटवाटी फूड्स'चा फोन आला, त्यांना शालूबाईंची चटणी घ्यायची आहे म्हणून, तेव्हा नाथाजींनी पहिला प्रश्न विचारला तो असा की स्थळ कुणाच्या ओळखीतून आलं.

बोलणी ठरवायला ताटवाटीकडून भार्गवी नावाच्या बाई आल्या, सोबत मुकुल हा तरुण वकील. नाथाजींनी फेटा बांधला होता. बैठकीवर स्वच्छ चादर, समोर कांदेपोहे. भार्गवीबाईंनी लॅपटॉप उघडला तर नाथाजी म्हणाले, ते नंतर, आधी ओळख होऊ द्या. मग कंपनीचं मूळ गाव कुठलं, थोरली की धाकटी, घरात आणखी किती भावंडं, आधी कुठं सोयरीक जुळली होती का आणि मोडली असली तर कशामुळं, अशी चौकशी झाली. भार्गवीबाईंचं माहेर सांगलीचं निघालं, म्हणून बरं. त्यांनी चेहरा न हलवता सांगितलं की कंपनी धाकटी आहे, थोरली तेलाच्या धंद्यात आहे, आणि मागं एका लोणच्याशी बोलणी होती पण मीठ जमलं नाही. नाथाजी त्यांच्यावर खूश झाले. मुकुल मात्र हे सगळं टिपून घेत होता.

बायकांनी बैठकीत बसायचं नाही, ही नाथाजींच्या घरची जुनी रीत. भार्गवीबाई बसल्या होत्या, पण त्या वरपक्षाच्या, त्यांना माफ. शालूबाई आतल्या दाराला टेकून उभ्या. चटणी त्यांची, नाव त्यांचं, फोटो त्यांचा. पण थोरल्या दिरापुढं तोंड उघडायचं नाही हे त्या लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून पाळत होत्या, आणि आता इतक्या वर्षांची मोडायची कशी?

ठरलं ते असं. मिरची निवडणं आणि खोबरं-तीळ भाजणं कडेगावातच, म्हणजे शेडमधल्या बायकांचं काम जात नव्हतं. कुटायचं आणि भरायचं पुण्याजवळच्या कारखान्यात. वीरधवल इकडची बाजू बघणार. शालूबाईंनी काही करायचं नाही. नुसतं असायचं.

मध्ये एकदा कारखाना दाखवायला त्यांना तिकडं नेलं होतं. तिथं एका स्टीलच्या मोठ्या यंत्रापुढं एक बाई उभी होती, डोक्याला जाळी, वयानं शालूबाईंएवढीच. तिनं बटण दाबलं की मिरची वरून पडायची आणि खाली गुलालासारखी यायची. ठसका नाही, डोळ्याला धार नाही. जाणारी-येणारी माणसं तिला विचारून पुढं जात होती. तिच्या गळ्यात निळ्या पट्ट्याला एक कार्ड होतं, त्यावर तिचाच फोटो आणि तिचंच नाव. शालूबाईंचा हात नकळत आपल्या मोकळ्या गळ्याकडं गेला. दुपारी ती बाई डबा संपवून मैत्रिणीसोबत बाहेर चहाला गेली, कुणाला न सांगता, कुणाला न विचारता. शालूबाई काचेतून बघत राहिल्या.

"मशीन आवडलं का, काकू?" भार्गवीबाईंनी विचारलं.

"बरं हाय," शालूबाई म्हणाल्या. मन भरून आलं की आपल्याकडच्या बायका 'बरं हाय' एवढंच म्हणतात, हे सांगलीच्या माणसाला तरी कळायला हवं होतं.

परत आल्यावर शेडमध्ये बायकांनी त्यांची वाट अडवली. बयाबाई सगळ्यांत वयस्कर आणि जिभेची तिखट. डंकाच्या ठेक्यावर तिनं ओवी टाकली:

पुण्याच्या वाटंवरी लाल मिरचीचा तोरा
माझ्या चटणीला आला बाई कंपनीचा नवरा

सगळ्या हसल्या. तिखट नाकात गेलं, शिंकल्या, पुन्हा हसल्या. बयाबाईला आणखी चेव आला:

नवऱ्याच्या घरी म्हणं हाय बटनाची चूल
आई ऱ्हायली दारात, सासरी गेलं फूल

ह्या दुसऱ्या ओवीला शालूबाई हसल्या नाहीत. मिरचीचा हात डोळ्याला लागला, असं त्यांनी सांगितलं.

त्यांनी बोलायचं ठरवलं नव्हतं असं नाही. एकदा वीरधवलला वाढताना त्यांनी सुरुवात केली, की वीरू, पुण्याचं एक सांगायचं होतं. तो घास तसाच हातात ठेवून म्हणाला, आई, तू कसला घोर लावून घेतेस, तुला तुझ्या गावातून कुणी हलवणार नाही. मी त्यांच्याकडून लिहूनच घेतलंय. शालूबाई कडेगावातच राहतील, असं वेगळं कलम घातलंय. ते पहिल्यांदा तयार नव्हते, मी भांडून घातलं. आणि तो आईकडं अशा मायेनं बघायला लागला की शालूबाईंनी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. लेकरानं इतक्या प्रेमानं दाराला कडी लावली, तर ती वाजवायची तरी कशी? त्यात आता ते कंपनीलाही आवडलं होतं. भार्गवीबाई म्हणाल्या होत्या की पुण्यामुंबईचं गिऱ्हाईक चटणीइतकंच ह्या गोष्टीला भाळतं, गाव न सोडणाऱ्या बाईला. म्हणजे शालूबाईंनी तोंड उघडलं, तर कुणी सांगावं, ठरलेलं स्थळही मोडायचं.

सह्या करायचा दिवस नाथाजींनी पंचांग बघून काढला. कंपनीला महिनाअखेर हवी होती, पण महिनाअखेरीला अमावास्या होती, आणि त्यापुढं कंपनीचं काही चाललं नाही. शेडपुढं मांडव घातला. भावकी जमली. भार्गवीबाईंची ओटी भरली, मुकुलला टॉवेल-टोपी झाली. टोपी त्याला मोठी होती, कानावर बसली, पण त्यानं काढली नाही.

मग नाथाजींनी मुकुलच्या हातात सुपारी ठेवली. मुकुलनं ती आदरानं तोंडात टाकली. अख्खी सुपारी, चावता येईना, गिळता येईना, आणि एवढ्या माणसांत थुंकताही येईना. गाल फुगवून तो डोळ्यांनीच मदत मागायला लागला.

"वकीलसाहेब, ती खायची न्हाय," नाथाजी शांतपणे म्हणाले, "फोडायची हाय. त्याबिगर आमच्यात पक्कं झालं असं कुनी म्हनत न्हाई."

दुसरी सुपारी आणली, ती दगडावर फुटली, भावकीनं 'पक्कं झालं' म्हणून मान डोलावली. भार्गवीबाईंनी कागद वाचून दाखवला. शालूबाई कडेगावातच राहतील, हे कलम आलं तेव्हा वीरधवलनं दाराकडं बघून डोळ्यांनी आईला धीर दिला. आता सह्या राहिल्या. पेन पुढं झालं, आणि तेवढ्यात नाथाजींनी हात वर केला.

एक राहिलं, ते म्हणाले. पाठराखीण कोण जाणार?

मुकुलनं भार्गवीबाईंकडं बघितलं. हा शब्द कागदात कुठं नव्हता. नाथाजींनी समजावलं. लेक पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्यासंगं घरची एक बाईमाणूस जाते. चार दिवस राहते. लेकीला तिथली चूल, तिथलं पाणी, तिथली माणसं उमजली की मानाचं लुगडं घेऊन परत येते. लेकीला एकटी धाडायची, हे काही आपल्या घराण्यात झालेलं नाही. तेव्हा वीरूच्या आईनं चार दिवस जावं, कारखान्यातल्या बायकांना कुटायचा हात दाखवावा आणि परत यावं.

भार्गवीबाई खूश झाल्या. तसाही त्यांना कुटायचा अंदाज येत नव्हता. यंत्र ठीक होतं, पण मिरची कुठवर कुटायची आणि लसूण कधी घालायचा हे यंत्राला ठाऊक नव्हतं. चार दिवसांची राहायची सोय सहज होईल, त्या म्हणाल्या. वीरधवलला मात्र काळजी पडली. आईला तिकडं करमायचं नाही, तो म्हणाला, चार दिवस फार होतात, दोन केले तर? भावकीतल्या कुणी सुचवलं, संगं बयाबाईला धाडा, म्हणजे गावाची आठवण यायची नाही. बयाबाई म्हणाली की तिची म्हैस कोण बघणार. थोडी हसाहस झाली, मग तीनवर तडजोड झाली. शालूबाईंनी किती दिवस पुण्यात राहायचं ह्यावर सगळे बोलले, एक शालूबाई सोडून.

त्या दारात उभ्या होत्या. चुलीवरून आयती उतरलेली अर्धी भाकरी पदरात पडत होती. घ्यावी आणि गप्प बसावं. तीन दिवस त्या यंत्रापुढं उभं राहावं, दुपारी बाहेर चहाला जावं आणि मग लुगडं घेऊन कराडच्या वाटेनं परत यावं. जन्मभर त्यांनी हेच केलं होतं. एवढ्याला पुरे म्हणायची सवय त्यांच्या जिभेला चटणीपेक्षा जुनी होती.

पण आता सह्या होणार होत्या. शाई वाळली की शालूबाई पाकिटावर बसल्या होत्या तशाच बसून राहणार, दुसऱ्याच्या जात्यापाशी, हसऱ्या तोंडानं.

त्या उंबरा ओलांडून बाहेर आल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मांडवात, सगळ्या भावकीपुढं, थोरल्या दिरासमोर उभ्या राहिल्या. नाथाजींनी रिवाजाप्रमाणं नजर दुसरीकडं वळवली. वीरधवल उठला, त्याला वाटलं आईला चक्कर आली.

"बस खाली, वीरू," शालूबाई म्हणाल्या. "भावजी, तुमच्यापुढं मी कवा बोलले न्हाई, आज बोलती, राग मानू नका. पाठराखीण दुसरी कुनी बगा. पाठराखिनीला परत यावं लागतंय." त्या भार्गवीबाईंकडं वळल्या. "भार्गवीताई, ते कलम काढा. मला त्या मशीनीवर कामाला घ्या. कंपनीला न्हाई पटलं तर न्हाई पटलं, चटणी काय, हितं बी कुटू. पन मी गावावर जीव टाकती, मला हितनं हलायचं न्हाई, असं कुनी म्हनू नका. मी तसं कवाच म्हनले न्हवते. मला पुन्याला ऱ्हायचंय, वीरू. नवी नवरी व्हते तवापासनं मला तिकडं जायचं हाय."