मचाणावरचं पंचशील

रत्नदीप मेश्राम स्वभावाने भिडस्त. सिंगापुरात बुओना व्हिस्टाच्या ज्या कंपनीत तो बॅटऱ्यांवर संशोधन करायचा, तिथला त्याचा कॅनेडियन साहेब गॉर्डन पहिल्याच दिवशी त्याला 'रॅट' म्हणाला. पूर्ण नाव लांब पडतं म्हणून. रत्नदीप हसला, आणि पुढची चार वर्षं उंदीर म्हणून ओ देत राहिला.

२०१६ च्या फेब्रुवारीत तांजोंग पगारला कुणाच्या तरी निरोपाचं जेवण होतं. तिथे गॉर्डन त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "मे महिन्यात मी गावी चाललोय, काळ्या अस्वलाच्या शिकारीला. तू यायलाच हवंस!" आपल्याकडे 'या एकदा घरी' म्हणतात, त्यातलंच हे बोलणं असणार, असं समजून रत्नदीप म्हणाला, "नक्की!" दोन दिवसांनी त्याच्या मेलमध्ये जंगलातल्या खोलीचं बुकिंग, गाईडचा फोन नंबर आणि गॉर्डनने स्वतःच्या हाताने टाकलेली तीन उद्गारचिन्हं येऊन पडली.

"सांगून टाक ना त्यांना," दीक्षा म्हणाली. दीक्षा त्याची बायको, रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत होती आणि रोज दहा जणांना नाही म्हणायचाच पगार घेत होती.

"आता कसं सांगू? त्यांनी माझ्यासाठी बूटसुद्धा मागवलेत."

रत्नदीपची आई बेबीताई त्या वेळी नागपूरहून तीन महिन्यांसाठी आलेली होती. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, विहारात दर रविवारी वंदना घेणारी, विपश्यनेची पाच शिबिरं केलेली बाई. ती खुर्चीत मेथी निवडत होती. तिने जुडी खाली ठेवली.

"कायची शिकार?"

"अस्वलाची."

"तू अस्वल मारायला जाऊन राहिला?"

"मारणार ते, आई. मी नुसता सोबत."

"म्हणजे साक्षीदार," बेबीताई म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. हा विषय तिच्यापुरता संपलेला नव्हता, हे त्या मेथीच्या काड्यांवरून कुणालाही कळलं असतं.

तिकडच्या कायद्याने तिथे न राहणाऱ्या कुणालाही गाईडशिवाय शिकार करता येत नाही. हा गाईड म्हणजे मोरिस, साठीकडे झुकलेला, दाढीवाला, जाडजूड लोकरी शर्टातला माणूस. दर शनिवारी आपल्या सकाळी आणि त्याच्या संध्याकाळी तो व्हिडिओवर यायचा. गॉर्डन नाश्त्याच्या वेळेला रत्नदीपच्या फ्लॅटवर हजर व्हायचा, कारण बेबीताईचे पोहे त्याने एकदा खाल्ले होते.

मोरिस सांगे ते सगळं रत्नदीप इमानदारीत लिहून घेई. अस्वलाचं नाक फार तिखट, तेव्हा आधीचे पंधरा दिवस लसूण बंद, हिंग बंद, वासाचा साबण बंद. बंदुकीचा सराव मात्र सिंगापुरात करायची सोय नव्हती, म्हणून गॉर्डन कपडे वाळत घालायचा बांबू खांद्याला लावून समोरच्या ब्लॉकच्या पाण्याच्या टाकीवर नेम धरायचा. एकदा बांबूवर दीक्षाचा ओला कुर्ता तसाच होता. समोरच्या म्हाताऱ्या काकांनी आपल्या खिडकीतून हात हलवला.

मग मोरिसने सांगितलं, की जंगलात एका पिंपात शिळे डोनट आणि काकवी भरून ठेवतात, अस्वल वासाने येतं, खायला लागतं, आणि मचाणावरचा माणूस नेम धरतो.

हे बेबीताईला मराठीत सांगावं लागलं. तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली. "म्हणजे पाहुण्याला बोलवायचं, गोड खाऊ घालायचं अन् तोंडात घास असताना गोळी मारायची? त्याले विचार, त्याच्या मायनं त्याले हेच शिकवलं का?"

"आई विचारतेय, पिंप केवढं असतं," रत्नदीपने मोरिसला इंग्रजीत सांगितलं.

खरी अडचण पुढेच होती. मोरिस म्हणाला, "बंदूक कुणीही चालवतो. माझी गिऱ्हाइकं हरतात ती बसण्यात. चार तास, पंधरा फूट उंचीवर, न हलता, न बोलता. गॉर्डन तीनदा येऊन गेला. तीनदा त्याने खोकून अस्वल घालवलं."

गॉर्डन ओशाळला. रत्नदीप त्याला बरं वाटावं म्हणून घाईने बोलून गेला, "चार तास बसणं तसं अवघड नाही. आम्ही शिबिरात दहा दिवस बसतो."

पडद्यावर मोरिस पुढे झुकला. "दहा दिवस? न हलता?"

झालं. त्या शनिवारपासून नियोजनाची सगळी सूत्रं बेबीताईकडे आली. मोरिसलाही बसणं शिकायचं होतं. माणूस कामाच्या बाबतीत प्रामाणिक होता. बेबीताईने एकच अट घातली. "शील घेतल्याशिवाय बसणं नाही. पाया न भरता भिंत उभी राहत नाही. आधी पंचशील म्हणा, मग डोळे मिटा."

"आई, अगं, पहिलं शील काय आहे, माहितेय ना?"

"तुला माहितेय ना? मग तू सांग त्यांना."

रत्नदीप सांगणार होता. खरंच सांगणार होता. पण गॉर्डन मांडी घालायच्या प्रयत्नात एवढा घामाघूम झालेला, आणि मोरिसने टोपी काढून छातीशी धरलेली. त्यात पाली भाषेतल्या ओळींचा अर्थ कोण विचारत होतं? बेबीताई एकेक ओळ म्हणायची, आणि सातासमुद्रापलीकडून एक आणि सोफ्यासमोरच्या सतरंजीवरून एक असे दोन शिकारी तिच्यामागे घोकायचे, की आम्ही कुठल्याही जीवाची हत्या करणार नाही. त्यानंतर ते अस्वलासाठी डोळे मिटून बसायचे.

"नाकाशी श्वास बघायचा," बेबीताई सांगे आणि दीक्षा भाषांतर करी. "कुठं खाजलं, दुखलं, काही हललं, तर नुसतं जाणायचं. येते अन् जाते."

सहा शनिवार गेले. गॉर्डनचा खोकला थांबला. ऑफिसात तो मीटिंगमध्ये कुणाचं वाक्य मधे तोडेनासा झाला, त्यामुळे मीटिंगा लांबायला लागल्या. सातव्या शनिवारी वंदना झाल्यावर मोरिस म्हणाला, "बायको विचारते, भांडी घासताना मी काय पुटपुटतो. मला चाल आवडते, पण अर्थ काय?"

दीक्षाने रत्नदीपकडे बघितलं. रत्नदीपने पंख्याकडे. शेवटी बेबीताईच कॅमेऱ्याजवळ गेली आणि तिच्याजवळ होतं तेवढ्या इंग्रजीत म्हणाली, "नो किल. नोबडी. माणूस नाही, बेअर नाही, मुंगी ऑल्सो नाही."

मोरिस हलला नाही. गॉर्डनही नाही. नेटवर्क अडकलंय की काय, हे कळायला मार्ग नव्हता, कारण दोघेही आता तसेच बसायला शिकलेले होते. बऱ्याच वेळाने मोरिसच्या दाढीत काहीतरी हाललं.

"सहा आठवडे मी हे म्हणतोय?"

"सात," दीक्षा म्हणाली.

"अर्थ माहीत नसताना म्हटलेलं धरतात का?"

बेबीताईने प्रश्न समजून घेतला आणि शाळेत निकाल द्यावा तसा दिला. "तोंड कोणाचं होतं? तुझंच ना?"

"म्हणजे धरतात," मोरिस म्हणाला. माणूस दिलेल्या शब्दाला जागणारा निघाला, हीच पंचाईत झाली. "बाकीची चार काय आहेत?"

रत्नदीपने आता मात्र सगळं सांगितलं. चोरी नाही, व्यभिचार नाही, खोटं नाही. मोरिस मान डोलवत होता. पाचवं, नशापाणी नाही, हे ऐकलं आणि तो खुर्चीतून उठला.

"बिअरसुद्धा?"

"बिअरसुद्धा."

"हे आधी सांगायला हवं होतं," मोरिस दुखावल्या आवाजात म्हणाला आणि पडदा काळा झाला.

गॉर्डन सतरंजीवरून उठला तो थेट दाराशी गेला. "रॅट, मी गेली दोन वर्षं ह्या परवान्याची वाट बघतोय," एवढंच बोलला. त्या दिवशी पोहे तसेच राहिले. रत्नदीप आठवडाभर ऑफिसात जिन्याने ये-जा करत होता, लिफ्टमध्ये गाठ पडू नये म्हणून.

पुढच्या शनिवारी ठरल्या वेळेला दारावरची बेल वाजली आणि लॅपटॉपही वाजला. मोरिसने बायकोशी बोलून तोडगा काढला होता. पाचवं शील तो परत करत होता. चार मात्र ठेवत होता. जन्मभर शिकार केली, आता स्वतः बंदूक उचलणार नाही. पण धंदा आहे, गिऱ्हाइकाला मचाणावर पोचवीन, तिथे चापावर बोट कुणाचं, ते ज्याचं त्याने बघावं.

"चार तर चार," बेबीताई म्हणाली. "आमच्या बाबूरावांनी तर तीनच पाळली." बाबूराव म्हणजे रत्नदीपचे दिवंगत वडील. नक्की कुठली दोन सुटली, हे विचारायची रत्नदीपची छाती झाली नाही.

गॉर्डनने आपलं काय ते सांगितलंच नाही. त्याने सतरंजी उलगडली आणि बसला.

मे महिन्यात गॉर्डन आणि रत्नदीप गेले. जंगलात पहिल्या संध्याकाळी मोरिसने त्यांना दोघांच्या मचाणावर चढवलं, पट्टे बांधले, गॉर्डनच्या मांडीवर बंदूक दिली आणि तो निघून गेला. काळ्या बारीक माश्यांनी लगेच ताबा घेतला. गॉर्डनच्या कानामागून रक्ताचा ओघळ आला, पण त्याने एक माशी मारली नाही. पाठ ताठ, डोळे मिटलेले.

अस्वल आलं तेव्हा आवाज असा झालाच नाही. रत्नदीपला वाटलं होतं त्यापेक्षा ते लहान होतं, आत्ताच आंघोळ करून आल्यासारखं काळंभोर, तोंडापाशी तपकिरी. पिंपापाशी ते चक्क बूड टेकून बसलं आणि एकेक डोनट काढून खाऊ लागलं. काकवी मनगटापर्यंत चाटली. रत्नदीपचा श्वास कुठे गेला ते त्यालाच कळेना. त्याने गॉर्डनकडे बघितलं. साहेबाचा चेहरा इतका निवलेला त्याने चार वर्षांत बघितला नव्हता. अशा माणसाला कोपराने ढोसायचं कसं?

खाणं आटोपून अस्वल त्यांच्याच झाडापाशी आलं, उभं राहिलं आणि खोडाला पाठ घासू लागलं. मचाण गदगदा हललं. बंदूक मांडीवर थरथरली. मग ते आलं तसं गेलं.

अंधारून येताना गॉर्डनने डोळे उघडले. "आलं?" तो कुजबुजला.

"येऊन गेलं."

"कधी?"

"झाड हललं तेव्हा."

गॉर्डनने रिकाम्या पिंपाकडे बघितलं. "मला जाणवलं होतं ते," तो म्हणाला. "मला वाटलं, नुसतं जाणायचं."

पुढचे दोन दिवस तो डोळे टक्क उघडे ठेवून बसला. पाऊस लागला आणि अस्वल फिरकलं नाही.

परत आल्यावर ऑफिसात सगळ्यांनी त्याला घेरलं. "दहा फुटांवर होतं," गॉर्डन सांगायचा, आणि त्यात काही खोटं नव्हतं. "केवढं होतं?" असं कुणी विचारलं की तो रत्नदीपकडे बघायचा, आणि रत्नदीप दोन्ही हात पसरतील तितके पसरून दाखवायचा.