काढून ठेव

मी पल्ला बोलतोय. आमच्या रायपूरकडे कपाटाच्या दाराला पल्ला म्हणतात. सध्या मात्र समता कॉलनीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मी भिंतीला जोडलेलं टेबल आहे. खाली पाडलं की जेवायची सोय, वर उचललं की खोली मोकळी. येणारा-जाणारा माझं कौतुक करतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

माझा जन्म डोंगरगडचा. नरहरी रेल्वेत नोकरीला होते. लग्न झाल्यावर त्यांनी सागवानी कपाट करवून घेतलं, त्याचा मी उजवा पल्ला. माणूस भलता अबोल. बायकोला, विनोदिनीबाईंना, साधं ‘भाजी छान झाली’ म्हणायलासुद्धा त्यांची जीभ रेटत नसे. पण बदली होऊन नव्या क्वार्टरमध्ये आम्हाला उभं केलं की ते पेन्सिल घेत आणि माझ्या आतल्या बाजूला काहीतरी लिहीत. ‘भाटापारा. छत गळतं. विनोदिनी तीन दिवस बोलली नाही. बरोबर आहे तिचं.’ ‘बिलासपूर. मुलगा झाला. ती फार थकली आहे.’ अशा सात बदल्या, सात नोंदी.

साडी काढायला विनोदिनीबाई मला उघडत आणि उगाच जरा वेळ उभ्या राहत. नरहरी गेल्यावर तो वेळ वाढला. त्यांचा फोटो बाईंनी भिंतीवर कधी लावला नाही. माझी आतली बाजू त्यांना पुरत होती.

मग नात देवश्री शिकून आर्किटेक्ट झाली आणि आजीजवळ राहायला आली. पोर गुणाची. घर एवढंसं आणि सामान डोईजड, म्हणून तिने घराची नवी मांडणी करायला घेतली. नवं लाकूड आणायचं नाही, जुनं फेकायचं नाही, असा तिचा हट्ट. पलंग मिटून भिंतीला लागणार, डाव्या पल्ल्याचा खिडकीशी बाक होणार, माझं टेबल. खोटं कशाला सांगू, मलाही हुरूप आला होता. भंगारात जाण्यापेक्षा हे केव्हाही बरं. काम होईपर्यंत विनोदिनीबाई अभनपूरला बहिणीकडे गेल्या.

देवश्रीला मराठी समजतं, पण ती उत्तर हिंदीत देते. आजोबांचं पुसट, घाईतलं अक्षर तर तिला कधीच लागलं नव्हतं. तिकडून आजीचा फोन आला. “पल्ल्याच्या आतून तुह्या आजोबानं लिहिलं आहे नं, ते तेवढं काढून ठेवजो.”

“हाँ दादी, हो जाएगा,” देवश्री म्हणाली. आणि सुतारकाम करणाऱ्या इंद्रजीत मिस्त्रींकडे वळली. “भैया, अंदर जो लिखा है न, दादी बोल रही हैं निकाल देना.”

काढून ठेव म्हणजे जपून ठेव. तिच्या कानांनी फक्त ‘काढ’ उचललं. मिस्त्रींनी दोनदा विचारलं, ती दोन्ही वेळा हो म्हणाली. एरवी उघडताना करकरून घर डोक्यावर घेणारा मी. तेव्हा माझ्या बिजागऱ्यासुद्धा काढलेल्या होत्या. रंधा फिरला आणि नरहरींची अक्षरं सालपटांबरोबर जमिनीवर पडली.

विनोदिनीबाई परत आल्या. देवश्रीने मोठ्या हौसेने मला पाडून दाखवलं, लिखाण कसं साफ निघालं तेही सांगितलं. बाईंनी माझ्यावरून हात फिरवला, मग वाकून खालूनही फिरवला. मग बाकावर बसल्या. पोरीचा चेहरा उतरला. काय लिहिलं होतं, असं तिने आज पहिल्यांदाच विचारलं.

बाईंनी सातही नोंदी क्रमाने म्हणून दाखवल्या, एक शब्द न चुकता. भाटापाऱ्यालाच देवश्री रडायला लागली. “रखना था, दादी?”

“हव. तू काहून रडून राहिली? मीच फोनवर नीट नाही सांगितलं.”

देवश्री धावत जाऊन पेन्सिल घेऊन आली. आता आठवतंय तोवर आजीने माझ्यावर लिहावं, म्हणून तिने खूप विनवलं. बाईंनी पेन्सिल हातात घेतली, थोडा वेळ धरली आणि परत दिली.

“माह्या हातानं लिहून काय करू, बाई? ते त्याईनं म्हटलं होतं.”

हल्ली देवश्री अडखळत का होईना, आजीशी मराठीत बोलते. मी दोघींची ताटं पेलतो, तेवढंच माझ्या हातात आहे. तुम्हीही घर नव्याने मांडा, जुनं लाकूड जरूर वापरा. पण रंधा फिरवायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि काय लिहिलंय ते त्यांच्याकडून वाचून घ्या. फोनवर नको.