रिकामा परतलेला ब्रश

मित्रांनो, मुंगीच्या जबड्याएवढ्या दोन वाट्या आणि माणसाहून लांब तार, एवढाच माझा देह. मी थायलंडच्या ईसान भागातल्या, ची नदीकाठच्या इस्पितळातला एक जुना चिमटा आहे. आजाऱ्याच्या तोंडातून, दुर्बिणीच्या नळीतून खाली उतरायचं, यकृताकडून येणाऱ्या पित्तनलिकेत शिरायचं आणि ती जिथे चोंदली असेल तिथला कणभर तुकडा तोडून आणायचा, हे माझं काम. तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून अडथळा साधा की कर्करोगाचा, ते ठरतं.

माझा जोडीदार ब्रश. तो वरवर खरवडून पेशी आणतो आणि एकदा वापरला की कचऱ्यात जातो. रोग नलिकेच्या भिंतीत दडलेला असला, की बिचारा बरेचदा रिकामा परततो. हुकतो तर मीही. म्हणून आम्हा दोघांना पाठवलेलं बरं.

बुनथानकाका आले तेव्हा हळदीसारखे पिवळे झाले होते. बांबूच्या नळ्यांचा खेन हे वाद्य बनवणारा माणूस, पण अंगाला इतकी खाज की हातात सुरी धरवेना. नलिका फार अरुंद झाली होती. त्या दिवशी डॉक्टर दारुणींनी ब्रश फिरवला, पित्त वाहायला बारीक नळी बसवली आणि मला तबकात तसंच ठेवलं. आधी कावीळ उतरू दे, तीन आठवड्यांनी चिमट्याने तुकडा घेऊ, असं त्यांनी बजावलं.

ब्रशाचा अहवाल आला. कर्करोगाच्या पेशी सापडल्या नाहीत.

"नाही सापडल्या म्हणजे नाहीतच की," काका म्हणाले.

डॉक्टरांनी पुन्हा समजावलं. पण कावीळ उतरली होती, खाज थांबली होती. बरं वाटणाऱ्या माणसाला कोण अडवणार? काका घरी गेले ते ठरल्या तारखेला आलेच नाहीत.

पुढचं मला कळलं ते चार महिन्यांनी. काका तापाने फणफणून परत आले, आणि पिंपा नर्स त्यांची तयारी करता करता बोलत होती. काका बरे झाले म्हणून गावाने रीतीप्रमाणे त्यांच्या मनगटांना पांढरे दोरे बांधून त्यांचा जीव अंगात परत बोलावला होता. मग पंगत. पंगतीत नदीचा कच्चा मासा, बारीक चिरून, लिंबू पिळून. अशा माशातला बारीक किडा पित्तनलिकेत घर करतो आणि वर्षानुवर्षांनी तिथेच कर्करोग उठवतो.

"काका, पुन्हा कच्चाच?"

"कच्चा कुठे, बाई? लिंबात पांढरा पडतो, म्हणजे शिजलाच. वर घोटभर तांदळाची दारू. किडा वाचतोय कशाला?"

"किडा वाचतो हो. मरता तुम्ही."

काका हसले. त्यांची बायको लामयाई दाराशी उभी होती, ती हसली नाही. पंगतीचा मासा तिनेच चिरला होता.

त्या दिवशी मी आत गेलो. पाच वेळा जबडा मिटला, पाच कण आणले. मनगटावरचे मळके दोरे पिंपाने कापले नाहीत, नुसते वर सरकवून सुई टोचली.

या वेळी सापडलं. पण रोग तोवर यकृतभर पसरला होता. शस्त्रक्रिया करण्याजोगं काही उरलं नव्हतं.

"तेव्हाच आलो असतो तर?" लामयाईने विचारलं.

"कापता आलं असतं कदाचित," दारुणी म्हणाल्या. "मी माणूस पाठवून बोलवायला हवं होतं."

भाताची कापणी व्हायच्या आत काका गेले.

आता माझ्या वाट्या नीट मिटत नाहीत. नव्या डॉक्टरांना दाखवण्यापुरता मी डब्यात पडून असतो. परवा लामयाई आली होती, केळीच्या पानात मासा घेऊन. पिंपाने पान उघडायच्या आधीच ती म्हणाली, "दोनदा उकडलाय." मग तिथेच बाकावर बसून राहिली.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी पिवळं पडलं आणि पहिली तपासणी रिकामी परतली, तर जेवणावळ घालायची घाई करू नका. डॉक्टरांनी दिलेली पुढची तारीख पाळा. मी तबकात तयारच होतो हो. कुणी आलंच नाही.