एकतिसाव्या पानावरच्या चार ओळी

मित्रांनो, मी एक दोनशे पानी वही आहे. जुनी, कोपरे दुमडलेली. त्या मंगळवारी सकाळी, नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या घरात, विश्वासराव माझ्यात शेवटचं लिहीत होते. ते शेवटचं आहे हे ना त्यांना ठाऊक होतं, ना मला.

"तुमच्या म्हाताऱ्याला ठेवा आता बाजूला. पोहे गार झाले," त्यांच्या पत्नी, नीलिमाताई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"हा म्हातारा दोनशे वर्षं थांबलाय गं. पोहे पाच मिनिटं थांबतील."

म्हातारा म्हणजे इथल्या क्रांतीच्या काळातला एक डच विचारवंत. तरुणपणी त्यानं सत्तेविरुद्ध लिहिलेली पत्रकं लोकांनी चौकाचौकात वाचली. उतारवयात त्यानं लिहिलेलं कुणी उघडूनही पाहिलं नाही. निवृत्त झाल्यापासून विश्वासराव तेच मराठीत आणत होते.

दुपारी ते सायकलवरून ग्रंथालयात गेले आणि तिथेच कोसळले.

माझा जन्म पुण्याचा. अप्पा बळवंत चौकातून मला घेतलं आणि गोडा मसाल्याच्या डब्याला टेकून मी विमानानं इथं आले. माझं कौतुक फार झालं. घरी येणारा प्रत्येक जण मला हातात घेई, "केवढं काम!" म्हणे आणि चहाच्या कपाशेजारी ठेवून देई. त्या दोन शब्दांचा मला आजही संताप येतो. एकानंही एक ओळ वाचली नाही.

त्यांच्या मुलीनंही नाही. संहिता, आइंडहोवनला इंजिनिअर, घरभर पुस्तकं असलेली. दोन वर्षांपूर्वी विश्वासरावांनी मला तिच्याकडे दिलं. एकतिसाव्या पानावर म्हाताऱ्याचं एक वाक्य होतं: "मताचा हक्क आम्ही लढून मिळवला, समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकून घेणं मात्र आम्हाला जमलं नाही." त्याखाली विश्वासरावांनी लिहिलं होतं, "संहिता, तुला पटतं का? इथे लिही." पुढे चार ओळी मोकळ्या सोडल्या होत्या.

महिनाभर मी तिच्या लॅपटॉपला टेकू म्हणून पडून होते. मग "मस्त झालंय, बाबा!" म्हणत तिनं मला परत केलं. त्यांनी एकतिसावं पान उघडलं, पाहिलं, मिटलं.

"थँक्स गं," एवढंच म्हणाले.

शोकसभेच्या आदल्या दिवशी संहिताला मराठी मंडळाच्या दिलीपकाकांचा फोन आला. "तूच बोल, बेटा. त्यांचं लिखाण तुझ्याइतकं कुणी वाचलंय?"

भाषणात घालायला एखादं बरं वाक्य मिळावं म्हणून तिनं मला उघडलं. एकतिसाव्या पानाशी तिचा हात थांबला. मग ती पहिल्या पानावर गेली आणि शेवटच्या पानापर्यंत उठली नाही.

मित्रांनो, कुणी आपलं लिहिलेलं तुमच्या हातात ठेवलं, तर कौतुक नंतर करा, आधी वाचा. वाचायचं नसेल तर तसं सांगा. माणूस तेवढं सहन करतो. खोट्या कौतुकानं तो गप्प होतो.

सभेत संहितानं लिहून आणलेले कागद बाजूला सारले. मला उघडून समोर ठेवलं. लोकांकडे तिनं पाहिलंच नाही.

"बाबा, मी वाचलं नव्हतं," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. आणि तुम्हाला ते कळलं होतं. मग माझ्यावर ओरडला का नाहीत?"