एका रात्रीचा पेशंट

शब्दाला पक्का माणूस म्हणून राजगोपाल रावांचा चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीच्या मराठी मंडळात दबदबा होता. म्हणून तर २००५च्या मार्चमध्ये वॉर्ड वाचवायचं काम मंडळानं त्यांच्यावर सोपवलं आणि बाकीचे निर्धास्त झाले.

काम तरी केवढं? तिथल्या एका जुन्या इस्पितळात तंजावरच्या मराठी लोकांच्या वर्गणीतून बांधलेला आठ खाटांचा वॉर्ड होता. गोऱ्या साहेबाच्या अमदानीत तो बंद होता होता राहिला. खाटा रिकाम्या, खर्च फुकट, असं साहेबानं लिहिलं. मग आपली म्हातारी मंडळी पागोटी चढवून त्याच्या दारात जाऊन बसली, तेव्हा कुठे तो अटीवर राजी झाला: एप्रिल ते मार्च या सरकारी वर्षात आपला एक तरी पेशंट दाखल झाला पाहिजे. ज्या वर्षी एकही नाही, त्या वर्षी वॉर्ड बंद. साहेब गेला, त्याचं राज्य गेलं, तो कागद मात्र फायलीत ठाण मांडून बसला.

आता आपली माणसं प्रायव्हेटमध्ये जातात. विमा असतो, एसी असतो, सरकारी खाटेवर कोण निजतंय? म्हणून मंडळानं रीत पाडली होती. मार्च सरायच्या आत एका ज्येष्ठानं एक रात्र दाखल व्हायचं. साठीनंतर दुखणं काय शोधावं लागतं? शुगर तपासायची, बीपी बघायचं, सकाळी घरी. सगळं बघायला नर्स विशालाक्षी होती, आपल्यातलीच. तीस वर्षं ती त्या वॉर्डात होती आणि वॉर्डामागच्याच खोलीत राहायची. तिला दुसरं घर नव्हतं.

राजगोपाल महिनाभर उद्या जातो, परवा जातो करत राहिले आणि शेवटी उरली एकतीस तारीख. कनकानं, त्यांच्या बायकोनं, पिशवीत धोतर-टॉवेल भरून ठेवला. तीन वाजता फोन आला. मुलाचे, विश्वेशचे, होणारे सासू-सासरे टी. नगरला लग्नाच्या साड्या घ्यायला आले होते. तासाभरात घरी येतो म्हणाले.

राजगोपालांनी पिशवी पलंगाखाली सरकवली. मुलाचा बाप धर्माच्या खाटेवर झोपायला निघालाय, हे व्याह्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं?

"खरं काय ते सांगा की. त्यांना कौतुकच वाटेल," कनका म्हणाली.

पण ऐकतील तर ना! त्यांनी विशालाक्षीला फोन लावला. "अंगात ताप आहे गं. यायला जमत नाही."

आता काय म्हणावं या गृहस्थाला! आजारी म्हणून दाखल व्हायचं होतं, आणि आजारी आहे म्हणून गेला नाही.

"ताप आहे तर याच ना, अण्णा. मी ऑटो घेऊन येते."

"उठवतच नाही. तू असं कर, माझं नाव नुसतं लिहून टाक. कोण बघतंय?"

"खाटेवर निजल्याशिवाय मी आजवर कुणाचं नाव लिहिलेलं नाही. तुम्ही पडून राहा. मी दुसरं कोणी मिळतंय का बघते."

मिळेल कोणीतरी, असं राजगोपालांनी मनाला समजावलं आणि व्याह्यांपुढे बज्जीची ताटली सरकवली. बोलता बोलता त्यांचं लक्ष सारखं घड्याळाकडे जात होतं. व्याही उठेपर्यंत दाखल करून घ्यायची वेळ टळून गेली होती. रात्री त्यांनी तिला फोन केला नाही. दुसऱ्या दिवशीही केला नाही. लाज वाटत होती, दुसरं काय.

चौथ्या दिवशी होणारी सून हरिप्रिया ब्लाउजचं माप द्यायला आली होती. राजगोपाल खिडकीशी पेपर वाचत होते. गल्लीतून विशालाक्षी येताना दिसली आणि सहासष्ट वर्षांचा हा माणूस पळत जाऊन पलंगावर आडवा झाला, पांघरूण ओढून.

"ताप उतरला का, बघून जावं म्हटलं," विशालाक्षी कनकाला म्हणाली आणि पलंगाशी बसली.

"ताप? मामांना?" हरिप्रियाला नवल वाटलं. "एकतीस तारखेला तर आई-अप्पांबरोबर बज्जी खात होते, दोनदा घेतली."

विशालाक्षीनं थर्मामीटर झटकून त्यांच्या जिभेखाली ठेवला. राजगोपालांनी डोळे मिटून घेतले. आता ही खरं सांगणार आणि सुनेदेखत आपली शोभा होणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. व्हावी तशीच, असंही एकदा वाटून गेलं.

विशालाक्षीनं थर्मामीटर उजेडात धरून नीट वाचला.

"शंभर आहे," ती हरिप्रियाला म्हणाली. "असला ताप चढतो-उतरतो. खाताना कळत नाही."

मग कापसानं थर्मामीटर पुसत ती राजगोपालांकडे वळली. "त्या दिवशी नऊ घरी फोन केले, अण्णा. कोणी मिळालं नाही. काल वॉर्डाला कुलूप लागलं. मला रविवारपर्यंत खोली सोडायची आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आजारी माणूस काय करणार?"

उठून बसावं, ताप नव्हता म्हणावं, एवढंच करायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. कनका त्यांच्याकडे एकटक बघत होती. हरिप्रियाही बघत होती.

"आज जरा कमी वाटतंय," राजगोपाल म्हणाले, आणि वर खोकूनही दाखवलं.