उपवासकाळातलं धुणं

मी एक जुना पत्रा आहे, खाचाखाचांचा, कपडे घासायचा. अमेरिकेत, लुईझियानातल्या भातशेतांच्या कडेला, क्लेमॉन्सच्या घरी माझा सगळा जन्म साबणाच्या फेसात गेला. पण शनिवारी खाटा-खुर्च्या अंगणात काढून घरात नाच रंगे. तिचा नवरा ओझेमे अकॉर्डियन घेई आणि ती मला छातीशी धरून चमच्यांनी वाजवी. मित्रांनो, काय ते संगीत! ठेका गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी पणज्यांचा, शब्द फ्रेंच, अकॉर्डियन जर्मन, आणि सोबतीला मी, धुण्याचा पत्रा! कुणाचंच वावडं नाही असं दुसरं संगीत मी ऐकलं नाही.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात मात्र वाद्याला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा नेम. एका वर्षी नेमकं तेव्हाच ओझेमेने अंथरूण धरलं. ईस्टरपर्यंत तो राहत नाही, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. त्याला एकदा नाचाचा ठेका ऐकायचा होता, पण नेम मोडायला तोही धजेना.

एका सकाळी क्लेमॉन्सने टब थेट त्याच्या खाटेशी आणला आणि माझ्यावर त्याचा सदरा घासू लागली. खर्र-खट, खर्र-खट. ओझेमेची थोरली बहीण एझिल्दा धावत आली.

“अगं, लाज नाही वाटत? उपवासकाळात वाजवतेस?”

“वाजवतेय कुठे, वन्सं? धुणं धुतेय.”

“असं ठेक्यात धुतात का कुणी?”

“तुमच्या भावाशी लग्न केल्यापासून दुसरं येतच नाही मला!”

ओझेमे हसला. खोकला आला तरी हसतच राहिला. मग हळूच गाऊ लागला. गाण्याला बंदी नव्हती, टाळ्यांनाही नव्हती. शेजारी जमले, पाय आपटू लागले, फळ्यांची जमीन हादरली. तेव्हा मला उमगलं, हे संगीत आम्हा वाद्यांच्या आधीपासून या माणसांच्या तळपायांत होतं. एझिल्दा तोंड फुगवून उभी होती, टाच मात्र तिचं ऐकेना.

दुसऱ्या सकाळी ती गाठोडं घेऊन आली. “हे घे, धू,” भावाकडे न बघता ती म्हणाली. आतले कपडे स्वच्छ, इस्त्री केलेले होते. क्लेमॉन्सने घड्या मोडून ते टबात टाकले. ओझेमे असेपर्यंत रोज गाठोडं येत राहिलं.

मित्रांनो, आता मला भिंतीवर टांगलंय. लोक कौतुकाने बघतात. नुसतं बघू नका. मला खाली काढा, दोन चमचे घ्या, आणि घरात कुणी आजारी असेल तर त्याच्या खाटेशी बसून वाजवा.